पीसी-राइट आणि पीसी-फाइल: आठ महिने वापरल्यानंतर

सिएटलजवळच्या आमच्या बेलव्ह्यूमध्ये एका घरी जुन्या सामानाची विक्री होती. तिथून मी चाळीस डॉलरला एक एक्सटी क्लोन आणला, म्हणजे आयबीएमच्या १९८०च्या दशकातल्या पीसीची नक्कल. ६४० के मेमरी, २० एमबीची हार्ड डिस्क, अंबर रंगाचा मॉनिटर आणि बुटांच्या खोक्यात भरलेल्या सव्वापाच इंची फ्लॉप्या. आणताना एवढंच डोक्यात होतं की लेकीला डॉस दाखवावं, म्हणजे विंडोजच्या आधीची, आज्ञा टाइप करून चालवायची प्रणाली. आता आठ महिने झाले. रोज सकाळी चहा घेऊन मी त्याच यंत्रापुढे बसते, आणि माझं बरंचसं इंग्रजी लिखाण पीसी-राइट या डॉसवरच्या लेखनाच्या प्रोग्राममध्येच होतं.

आधी वापराचं सांगते. पीसी-राइट सुरू व्हायला वेळच लागत नाही. बटण दाबलं की अक्षर पडद्यावर. फाइल साध्या मजकुराची असते, त्यामुळे इथे लिहिलेलं नव्या लॅपटॉपवर तसंच्या तसं उघडतं. सगळ्यात मोठा फायदा हाच. कळांची मांडणी पटत नसेल तर वेगळ्या फाइलमध्ये ती आपल्या सोयीने बदलून घेता येते. मी पहिल्याच आठवड्यात बदलली, आणि तेव्हापासून हात अडखळलेला नाही. छपाईचा प्रोग्राम मात्र वेगळा आहे: लिहायला एक, छापायला दुसरा. कागदावर काय उमटेल ते आधी पडद्यावर दिसत नाही. लांब लेख तुकड्यांत ठेवावा लागतो, कारण एका फाइलला साधारण ६० के एवढीच जागा मिळते. पत्रं, टिपणं, हिशेबाचे शेरे यांना ती भरपूर पुरते.

या सॉफ्टवेअरवर माझा जीव जडला तो मात्र त्याच्या पैसे मागण्याच्या पद्धतीमुळे. बॉब वॉलेस मायक्रोसॉफ्टमधल्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी. ती नोकरी सोडून त्यांनी १९८३मध्ये सिएटलला क्विकसॉफ्ट काढली. पीसी-राइटची डिस्क दहा डॉलरला मिळायची, किंवा मित्राकडून फुकट कॉपी करून घ्यायची. डिस्कच सांगायची: कॉपी करा, वाटा, आणि उपयोगी पडलं तर नोंदणी करा. नोंदणीचे ७५ डॉलर. त्यात छापील पुस्तक, फोनवर मदत आणि स्वतःच्या क्रमांकाची प्रत मिळे. ती प्रत तुम्ही दुसऱ्याला दिलीत आणि त्याने तोच क्रमांक सांगून नोंदणी केली, तर क्विकसॉफ्ट तुम्हाला २५ डॉलर पाठवी. बाकीचे धंदेवाले कॉपी होऊ नये म्हणून फ्लॉपीला कुलपं घालत होते, त्या काळात या माणसाने कॉपी करणाऱ्यालाच विक्रेता केलं!

ज्या आजोबांकडून मी हे यंत्र घेतलं, त्यांनी स्वतः पीसी-राइटची नोंदणी केली होती. खोक्यात त्यांचं पुस्तक निघालं, पानांच्या कडा बोटं लागून काळ्या झालेली. ते म्हणाले, शेजाऱ्याला प्रत दिली आणि पुढे २५ डॉलरचा चेक आला, तेव्हा शेजाऱ्याने खरंच पैसे भरले हे कळलं. हे सांगताना त्यांचा चेहरा खुलला होता.

पीसी-फाइल हा याद्या आणि नोंदी ठेवायचा प्रोग्राम. त्याची गोष्ट तर आमच्याच गावची. जिम क्नॉप्फ आयबीएममध्ये नोकरीला. त्यांच्या चर्चच्या सभासदांचे पत्ते छापायला त्यांनी हा प्रोग्राम लिहिला. क्नॉप्फ म्हणजे जर्मनमध्ये बटण, म्हणून व्यवसायासाठी नाव घेतलं जिम बटन. १९८२मध्ये वापरणाऱ्यांकडून त्यांनी दहा डॉलर मागितले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात टिब्युरॉनला अँड्र्यू फ्लूगेलमन यांनी मोडेमवरून बोलणारा पीसी-टॉक असाच वाटायला सुरुवात केली होती. दोघांना एकमेकांचा पत्ता लागला आणि त्यांनी स्पर्धा केली नाही: आपापल्या डिस्कवर दुसऱ्याच्या प्रोग्रामची माहिती दिली, नावं जुळवली, किंमतही सारखी २५ डॉलर ठेवली. पीसी-फाइलचं आधीचं नाव ईझी-फाइल होतं, ते तेव्हाच बदललं. ‘फ्रीवेअर’ हा शब्द फ्लूगेलमन यांनी स्वतःच्या नावे नोंदवलेला होता. म्हणून आधी वापरा, मग पैसे भरा अशा सॉफ्टवेअरसाठी वॉलेस यांनी ‘शेअरवेअर’ हा शब्द उचलला आणि तोच टिकला.

हे प्रोग्राम लोकांना सापडायचे कसे, याचा मी हिशेब करून पाहिला. १२०० बॉडच्या मोडेमवर ३६० केची एक डिस्क उतरवायला पन्नासेक मिनिटं लागतात, तीही फोनचं मीटर चालू असताना. म्हणून लोक कॉम्प्युटर क्लबच्या बैठकीत कोऱ्या फ्लॉप्या घेऊन जात, किंवा सनीवेलच्या पीसी-सिगसारख्या संग्रहातून सहा डॉलरला एक डिस्क टपालाने मागवत. ते सहा डॉलर डिस्कचे आणि कॉपीचे होते. लेखकाचे पैसे वेगळे भरायचे. ते भरायचे राहून गेले की लिहिणाऱ्याच्या हाती काहीच येत नसे. हा गोंधळ मला आजही खटकतो.

माझ्या खोक्यातल्या निम्म्या फ्लॉप्या वाचताच येईनात. मग इंटरनेट आर्काइव्हवरच्या जुन्या शेअरवेअर सीड्यांमधून फाइली घेतल्या. नव्या यंत्राला १.२ एमबीचा ड्राइव्ह जोडून त्यात ३६० केच्या फ्लॉप्या लिहून बघितल्या, पण त्या ड्राइव्हचं लिहिणारं डोकं अरुंद रेघ उमटवतं, आणि जुन्या ड्राइव्हला ती नीट वाचता येत नाही. दोन शनिवार त्यात गेले. शेवटी दोन यंत्रं सिरियल केबलने जोडली आणि कर्मिट या फाइली पाठवायच्या प्रोग्रामने काम झालं. तेव्हापासून एकही फाइल बिघडलेली नाही. कुणी असं यंत्र घेणार असेल तर थेट केबलच घ्या. फाइली दाबून एकत्र बांधणारं पीकेझिपही याच वाटेने आणलं. त्या सोडवणारं पीकेअनझिप चालवताना ‘-d’ विसरू नका, नाहीतर सगळ्या फोल्डरांतल्या फाइली एकाच ठिकाणी येऊन पडतात. व्हर्न बुएर्ग यांचा लिस्ट हा छोटा प्रोग्रामही जरूर घ्या. मोठी फाइल पुढे-मागे सरकवत वाचायला डॉसमध्ये मला याहून सोयीचं काही सापडलं नाही.

आता माझी अडचण. मला पैसे भरायचे आहेत, पण भरायचे कोणाला? क्विकसॉफ्ट आणि क्नॉप्फ यांची बटनवेअर, दोन्ही कंपन्या बंद झालेल्या. वॉलेस २००२मध्ये गेले, क्नॉप्फ २०१३मध्ये. आठ महिने जे रोज वापरते, त्याचं देणं माझ्याकडे राहिलं आहे आणि ते टोचतं. आजोबांनी भरलेल्या ७५ डॉलरवर मी काम करते आहे, असं मी सध्या मानते. त्यांचं पुस्तक यंत्राशेजारीच ठेवलं आहे.

पीसी-फाइलच्याच प्लस आवृत्तीत मी आमच्या मराठी मंडळाच्या १४० कुटुंबांचे पत्ते भरले आहेत. भरायला चार संध्याकाळी गेल्या. पिन कोडप्रमाणे लावून घेतले की शहरं आपोआप एकत्र येतात. तक्ता मात्र एकच, दुसऱ्या यादीशी जोडता येत नाही. पण पत्ते छापण्यासाठीच तर हा प्रोग्राम जन्माला आला, आणि गणेशोत्सवाच्या निमंत्रणांसाठी सलग लेबलांची पट्टी डॉट मॅट्रिक्सला लावली. पहिल्या ओळीत लेबलं अर्धा इंच खाली सरकली, कागद पुन्हा बसवला, मग सगळी नीट आली. लेकीने ती एकेक सोलून पाकिटांना चिकटवली. या वर्षी दिवाळी अंकाची लेबलंही यावरच छापायची, असं आमचं ठरलं आहे.