क्रॉस्बी की ओवेच्किन: सोलापुरात बसून कोणाची कारकीर्द धरावी?

आइस हॉकी नव्याने पाहू लागणाऱ्याने आधी संघ निवडू नये. एक खेळाडू निवडावा आणि त्याची कारकीर्द पहिल्या हंगामापासून पाहत यावी, असे माझे मत आहे. संघातील माणसे बदलत राहतात, पण एकाच माणसाच्या मागे वीस वर्षे चालत गेले की दुखापती, करार, उतरते वय आणि खेळाचे बदलते रूप हे सारे ओघाने कळत जाते. अशी निवड करणाऱ्यासमोर बहुधा दोनच नावे येतात, सिडनी क्रॉस्बी आणि अलेक्झांडर ओवेच्किन. काही वर्षांपूर्वी मीही या दोन नावांपाशी थांबलो होतो आणि अखेरीस एकाची बाजू धरली. ती का धरली हे सांगताना दुसऱ्यावर अन्याय होऊ नये, एवढी काळजी घेण्याचा प्रयत्न करतो.

ही तुलना ओढूनताणून केलेली नाही. दोघेही 5 ऑक्टोबर 2005 या एकाच दिवशी एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक आइस हॉकी लीगमध्ये उतरले. नवे खेळाडू संघांमध्ये वाटून घेणाऱ्या वार्षिक ड्राफ्टमध्ये ओवेच्किनची निवड 2004 मध्ये झाली होती, परंतु 2004-05 चा संपूर्ण हंगाम मालक आणि खेळाडू यांच्यातील वादात रद्द झाल्यामुळे त्याचे पदार्पण वर्षभर लांबले आणि 2005 च्या ड्राफ्टमधील पहिल्या क्रमांकाची निवड असलेल्या क्रॉस्बीशी त्याची गाठ पडली. तेव्हापासून एकजण पिट्सबर्ग पेंग्विन्सचा आणि दुसरा वॉशिंग्टन कॅपिटल्सचा म्हणूनच ओळखला गेला. ही दोन्ही शहरे एकाच कालविभागात आहेत. तिथला संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला, आणि त्यांची घड्याळे तासभर पुढे असताना साडेचारला सुरू होतो. त्यामुळे झोपमोडीच्या निकषावर दोघांत काहीच फरक करता येत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात गारवा असतो तो याच वेळेला, हा आपला फायदा.

आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्याने ओवेच्किनलाच निवडावे, हे मी आधीच मान्य करून टाकतो. 6 एप्रिल 2025 रोजी न्यूयॉर्क आयलँडर्सविरुद्ध 895 वा गोल करून त्याने वेन ग्रेट्स्कीचा 894 गोलांचा विक्रम मागे टाकला. त्याच हंगामात पायाचे हाड मोडल्यामुळे तो 16 सामने बाहेर होता, तरीही 65 सामन्यांत त्याने 44 गोल केले, आणि हे वयाच्या चाळिशीला टेकलेला असताना. आई तात्याना ओवेच्किना या बास्केटबॉलमध्ये 1976 आणि 1980 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवलेल्या खेळाडू. मुलाने त्यांचाच 8 हा क्रमांक पाठीवर घेतला. 2008 मध्ये झालेला 13 वर्षांचा, 12 कोटी 40 लाख डॉलरचा करार, आणि एनएचएलचे विजेतेपद असलेल्या स्टॅन्ली चषकासाठी 2018 पर्यंत पाहावी लागलेली वाट. चरित्र म्हणून त्याची बाजू जड आहे, यात मला शंका वाटत नाही.

तरीही मी त्याच्यापासून दूर गेलो ते एका अगदी क्षुल्लक वाटणाऱ्या कारणामुळे, आणि ते कारण म्हणजे पक, आइस हॉकीत चेंडूऐवजी वापरली जाणारी चकती. सोलापुरात हे सामने आपण पाहणार ते बहुतेक मोबाइलवर, तेही घरातील माणसे झोपलेली असल्यामुळे आवाज बंद ठेवून. पूर्व भागात यंत्रमागांच्या शेजारी राहणाऱ्याला किंवा पाणी येण्याच्या दिवशी मोटारीजवळ बसलेल्याला आवाज सुरू ठेवूनही समालोचन ऐकू येत नाही. म्हणजे पक कुठे आहे हे सांगणारे कोणी नसते, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. तीन इंच व्यासाची ती काळी चकती तळहाताएवढ्या पडद्यावर किती उरते, याची कल्पना वाचकांना असेलच.

ओवेच्किनची सर्वांत मोठी ताकद म्हणजे पॉवर प्लेवर (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना) बर्फावर आखलेल्या डाव्या वर्तुळात उभे राहून मारलेला वन-टायमर, म्हणजे आलेला पास न थांबवता थेट मारलेला फटका. तो तिथेच उभा राहणार हे प्रतिस्पर्धी बचावपटूंना माहीत असते, गोलरक्षकाला माहीत असते आणि दोन-चार सामने पाहिल्यावर आपल्यालाही माहीत होते. आता पास येणार, आता स्टिक फिरणार, हे सारे समजत असते. मग स्टिक फिरते, पडद्यावर काहीच हललेले दिसत नाही, आणि गोलमागचा लाल दिवा लागल्यावर व त्याने काचेवर उडी घेतल्यावर आपल्याला कळते की गोल झाला. रिप्ले येईपर्यंत आपण त्याचा आनंद पाहत असतो, त्याचा खेळ नव्हे. त्यातच पहाटे इंटरनेट मंदावले आणि चित्र फुटले, तर रिप्लेही हाती लागत नाही. या माणसाच्या शेकडो गोलांचा मोठा भाग असाच आहे आणि पॉवर प्लेवरील गोलांचा विक्रमही त्याच्याच नावावर आहे. म्हणजे जे त्याचे वैभव, नेमके तेच मला दिसत नव्हते. मोठा टीव्ही असलेल्यांना माझी ही तक्रार कदाचित हास्यास्पद वाटेल आणि त्यांचे म्हणणे रास्तही असेल.

याला अपवाद आहेत. 16 जानेवारी 2006 रोजी फिनिक्सविरुद्ध पाठीवर पडून घसरत असताना त्याने एका हाताने पक जाळ्यात ओढला, तो गोल कोणत्याही पडद्यावर स्वच्छ दिसतो. त्या सामन्यात फिनिक्सचा प्रशिक्षक म्हणून उभा होता तो ग्रेट्स्कीच, हे आज पाहताना अधिकच गमतीचे वाटते.

क्रॉस्बीचा पक मात्र दिसतो, कारण तो त्याच्याजवळ राहतो. त्याचे बरेचसे काम गोलच्या मागे आणि कडेच्या फळ्यांपाशी चालते. कमरेत वाकून, प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून तो पक स्वतःच्या आडोशाला धरतो, आणि अंगावर आलेल्या बचावपटूला त्याला हलवणे हे आखाड्यात पाय रोवलेल्या मल्लाला हलवण्याइतकेच जड जाते. त्या तीन-चार सेकंदांत नजर पकवर स्थिरावते, कोण सहकारी मोकळा होतो आहे हे आपल्याला दिसते, आणि पास गेला की तो का गेला हेही समजते. त्याच्या स्टिकच्या पात्याला वक्रता फार कमी असते, म्हणून त्याचा बॅकहँड इतरांच्या सरळ फटक्याइतका विश्वासार्ह आहे; हे वाक्य मी अनेकदा वाचले होते, परंतु पटले ते पडद्यावर पाहिल्यावरच. प्रामाणिकपणे सांगायचे तर त्याचा सर्वांत गाजलेला गोल, म्हणजे 28 फेब्रुवारी 2010 रोजी व्हँकुव्हर ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत कॅनडाकडून अमेरिकेविरुद्ध केलेला, मलाही पहिल्यांदा पाहताना दिसला नव्हता.

क्रॉस्बीच्या वाटेवर निराशेचा एक लांब टप्पा आहे, तो आधीच सांगितलेला बरा. जानेवारी 2011 मध्ये पाच दिवसांत दोनदा डोक्याला मार बसला आणि तो हंगाम तिथेच संपला. त्याच वर्षी 21 नोव्हेंबरला परतताच त्याने दोन गोल केले आणि दोन गोलांना साहाय्य केले, पण काही सामन्यांनंतर लक्षणे पुन्हा उद्भवली आणि तो पुढच्या मार्चपर्यंत बाहेर राहिला. ओवेच्किनने आपल्या चाहत्याला असे ताटकळत ठेवले नाही. त्याचे शरीर वर्षानुवर्षे टिकले. मात्र कारकीर्द कशी मोडू शकते आणि कशी सांधली जाते हे पाहायचे असेल, तर 2009 चा चषक, मधली ती अंधारी वर्षे आणि मग 2016 व 2017 चे लागोपाठ दोन चषक हा क्रम मला तरी अधिक शिकवणारा वाटला. पेंग्विन्सचा दिग्गज खेळाडू आणि तेव्हाचा सहमालक मारिओ लेम्यू याच्या घरी राहून त्याने काढलेली सुरुवातीची वर्षेही त्यात येतात.

मैदानाबाहेरची एक बाब काही वाचकांना महत्त्वाची वाटू शकते. 2017 मध्ये ओवेच्किनने पुतिन यांच्या समर्थनार्थ उघडपणे मोहीम जाहीर केली होती. माझा निर्णय त्यावरून झाला नाही, पण ज्यांचा होईल त्यांना मी चुकीचे म्हणणार नाही.

घरी मोठा पडदा, चांगले इंटरनेट आणि विक्रमांची आवड असेल, तर ओवेच्किन घ्यावा; त्यात पस्तावण्यासारखे काही नाही. मोबाइलवर, आवाज बंद करून पाहणार असाल, तर माझा कल कुठे आहे हे आता लपलेले नाही. मन ठरत नसेल, तर 4 मे 2009 चा प्लेऑफमधील, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांमधील, या दोन संघांचा सामना आधी शोधून पाहावा. त्यात दोघांनीही प्रत्येकी तीन गोल केले आणि वॉशिंग्टनने तो 4-3 असा जिंकला. मालिका मात्र सातव्या सामन्यात पिट्सबर्गने घेतली. हा सामना एकदा रिप्ले वगळून पाहा आणि सहापैकी कोणाचे किती गोल घडताना तुमच्या डोळ्यांना दिसले, ते मोजा.