स्कॅनरवर एकही फॉल्ट नाही, आणि साडेसोळा लाख पाण्यात

जुनी गाडी घेताना मी कसा फसलो ते सांगतो, आधी आकडे. ५१,००० टोकन यूपीआयने, १४,००,००० आरटीजीएसने, १,९९,००० रोख. एकूण १६,५०,०००. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २६९एसटी आडवं यायचं, म्हणून रोखीचा आकडा बरोब्बर एक हजाराने कमी. डीलरला कायदा पाठ होता. बिल बनलं १४,५१,००० चं, आणि रोखीची पावती म्हणजे साध्या कागदावरची एक वाचता न येणारी सही.

गाडी २०१६ ची. दिल्ली पासिंग, जर्मन बनावट, तीन लिटर व्ही-६ डिझेल, सात सीट, चारही चाकांना ड्राइव्ह, एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे बलून). रनिंग ६८,०००. अशीच एमएच पासिंगची गाडी २२-२३ लाखांच्या खाली कुणी बोलत नव्हतं.

"एवढी स्वस्त मिळाली तेव्हाच कळायला हवं होतं," हे वाक्य आतापर्यंत पन्नास जणांनी ऐकवलं. अहो, स्वस्ताईचं कारण होतं आणि ते खरंच होतं. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या दिल्ली-एनसीआरमध्ये चालवू नयेत हा हरित लवादाचा आदेश, त्यावर २९ ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं, आणि तेव्हापासून आठ-नऊ वर्षांच्या चांगल्या चांगल्या डिझेल गाड्या एनओसी काढून इतर राज्यांत विकल्या जाऊ लागल्या. हे मलाही माहीत होतं. खऱ्या कारणाच्या आडोशाला दुसरं कारण उभं असेल, ही शंका आली नाही. माझी चूक एवढीच, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. खरी चूक स्कॅनरवर होती आणि ती मी डोळ्यांनी पाहिली होती.

स्कॅनर माझाच होता. ब्लूटूथवर चालणारा दीड-दोन हजारांचा नाही, सगळ्या मॉड्यूलमधले, म्हणजे गाडीतल्या छोट्या कॉम्प्युटरांतले, बिघाडाचे कोड वाचणारा. लावला, इंजिन, गिअरबॉक्स, एअरबॅग, सस्पेन्शन, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा भाग), सगळीकडे शून्य फॉल्ट. मी खूश. त्याच पानावर खाली एक ओळ होती: कोड पुसल्यानंतर कापलेलं अंतर, ४ किलोमीटर. त्याखाली रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडी स्वतःच्या करते त्या चाचण्या, निम्मे अपूर्ण. मी ती ओळ वाचली. वाचून पान पुढे सरकवलं. नऊ वर्षांच्या एवढ्या इलेक्ट्रॉनिक गाडीत एकही जुना कोड नसणं हेच जवळपास अशक्य. कधी बॅटरी उतरलेली असते, कधी एखादा सेन्सर रुसलेला असतो, काहीतरी नोंद राहतेच. चार किलोमीटर म्हणजे मी यायच्या तासाभर आधी कुणीतरी पाटी कोरी केली होती. हे मी दुसऱ्या कुणालाही दोन सेकंदांत सांगितलं असतं. स्वतःसाठी नाही सुचलं, कारण मनाने गाडी केव्हाच घरी नेली होती. असं अंतर ५०-१०० किलोमीटरच्या आत दिसलं तर गाडी दोन दिवस चालवू द्या म्हणावं आणि परत स्कॅन करावं. डीलर नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

बॉनेटही गरम होतं. "एसी चेक करत होतो साहेब." गरम इंजिनावर टायमिंग चेनची (इंजिनाचे भाग एका तालात फिरवणारी साखळी) खडखड लपते, ग्लो प्लग (थंड डिझेल इंजिन सुरू करायला मदत करणारे) गेलेले कळत नाहीत, थंड स्टार्टचा धूर दिसत नाही. बऱ्याच जर्मन डिझेलांत चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. तिथे हात घालायचा तर इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून ती खडखड आधी ऐकणं लाखमोलाचं. सकाळी, न सांगता, थंड इंजिनावर जा.

पेंटची जाडी मीटरने मोजली होती. सगळीकडे १००-१४० मायक्रॉन, म्हणजे कंपनी पेंट. पिलर, ऍप्रन, बॉनेटचे बोल्ट, सगळं अस्पर्श. अपघाताची गाडी पकडायची माझी सगळी हत्यारं तयार होती. पण बुडालेल्या गाडीला डेंट कशाला पडेल?

एकोणिसाव्या दिवशी सकाळी गाडी पुढून बसलेली. स्कॅनरवर आता २३ फॉल्ट. कार्पेट उचललं तर खालच्या फोममध्ये सुकलेला बारीक गाळ आणि वायरिंगच्या कनेक्टरांवर हिरवा गंज. या गाड्यांत कंट्रोल मॉड्यूल सीटखाली, कार्पेटखाली दडवलेले असतात, काहींत बॅटरीसुद्धा पुढच्या सीटखाली. त्यामुळे फूटभर पाणीही पुरतं. डॅशबोर्ड कोरडा असून उपयोग नाही.

बिलं अशी: टोइंग ६,५००. तपासणी ४,७२०. पुढचे दोन बलून आणि कॉम्प्रेसर १,६८,०००. ट्रान्सफर केस १,४२,५००. वायरिंग आणि मॉड्यूल २,१६,०००. बेरीज ५,३७,७२०, आणि एअरबॅगचा दिवा अजून अधूनमधून लागतोच.

पाण्याची गाडी ओळखायची तर सुगंध मारलेल्या केबिनमध्ये नाक खुपसून उपयोग नाही. सीटच्या रेलचे बोल्ट बघा; कोरड्या आयुष्यात ते गंजत नाहीत, आणि पान्याच्या ताज्या खुणा असतील तर सीट का काढली होती ते विचारा. डिकीत स्टेपनीचा खड्डा आणि त्याच्या कडेची वायरिंग बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, गाळाची रेघ शेवटच्या वीतभरात असते. मी ओढला होता. पट्टा अगदी स्वच्छ. त्याच्या मुळाशी शिवलेल्या लेबलवर २०२४ ची तारीख होती, २०१६ च्या गाडीत. ती मी मग घरी वाचली.

एअर सस्पेन्शनसाठी साधी मोजपट्टी पुरते. मडगार्डच्या कमानीपासून चाकाच्या मध्यापर्यंत चारही कोपरे मोजायचे, गाडी रात्रभर बंद ठेवायची, सकाळी स्टार्ट न करता पुन्हा मोजायचे. एक कोपरा दोन-तीन सेंटिमीटर उतरला तर गळती आहे. बलूनचं रबर घडीपाशी चिरतं, हवा गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सतत पळतो आणि जळतो. म्हणून फक्त कॉम्प्रेसर बदलून दिला म्हणणाऱ्यावर विश्वास नको, गळका बलून तसाच असेल तर नवाही जळेल.

ट्रान्सफर केसचं निदान टायरपासून सुरू करा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. पुढच्या-मागच्या टायरांच्या खाचांच्या खोलीत दोन-तीन मिलिमीटर फरक असला की चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरतात आणि आतली क्लच सतत घसरत राहते. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मग मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरवा, दोन्ही बाजूंना. गाडी अडखळली, उड्या मारल्यासारखी चालली तर ट्रान्सफर केस संपत आला. "लाइफटाइम ऑइल" या शब्दावर जाऊ नका. आठ स्पीडचे झेडएफ गिअरबॉक्स बनवणारी कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी ऑइल बदला म्हणते. बदलल्याचं बिल मागा.

२०२० नंतरची बीएस-६ गाडी घेत असाल तर सायलेन्सरच्या टोकात बोट फिरवा. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) धड असेल तर बोट जवळपास स्वच्छ निघतं. काळी काजळी लागली तर फिल्टर फुटलाय किंवा आतून पोकळ केलाय. डिपस्टिकवर ऑइल कमाल खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर गाडी फक्त शहरात रखडलेली आहे.

आता कागद, जिथे मला सगळ्यात जास्त लाज वाटते. "फर्स्ट ओनर" ही जाहिरात खोटी नव्हती. आरसीवर पहिलाच मालक होता. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर त्याची सही होती, तारीख मात्र रिकामी. आरसीवरच्या पत्त्यावर रजिस्टर पत्र पाठवलं तेव्हा त्या सद्गृहस्थांचं उत्तर आलं: जुलै २०२३ मध्ये यमुनेने २०८.६६ मीटरचा विक्रम केला त्या आठवड्यात गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये होती. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला, विमा कंपनीने टोटल लॉस धरून पैसे दिले आणि त्याच वेळी कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेतल्या. गाडी भंगाराच्या लिलावात गेली, पण नावावर कुणीच केली नाही. म्हणून फर्स्ट ओनर! पैसे देण्याआधी आरसीवरच्या मालकाशी स्वतः बोला, डीलरने लावून दिलेल्या फोनवर नाही. एकच प्रश्न: शेवटचा क्लेम कधी आणि कशाचा? आणि पॉलिसीवर नो क्लेम बोनस बघा. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्के असतो. माझ्या "फर्स्ट ओनर" गाडीच्या पॉलिसीवर शून्य होता.

पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्तात आहेत." दुसऱ्यांदा "हे दिवाणी प्रकरण आहे, वकील करा." मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) म्हटलं तर उत्तर, "कलमं आता तुम्हीच लावणार का?" तिसऱ्यांदा अर्जावर पोचशिक्का मिळाला, तोही दीड तास बसून. गुन्हा नाहीच. मग वरिष्ठांना पोस्टाने अर्ज, त्याचं उत्तर तोच अर्ज त्याच ठाण्यात परत. आरटीओत विचारलं, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला तुमच्याकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, फॉर्म २९बी. याच्याकडे आहे का? खिडकी क्रमांक चारने सातवर पाठवलं, सातने चारवर. शेवटी "नोंदणी दिल्लीची आहे, तिकडे विचारा." डीलरचं दुकान त्या ऑफिसपासून रिक्षाने दहा मिनिटांवर! नियम केलाय, तो कुणी पाळला का हे सांगायची जबाबदारी मात्र कुणाचीच नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. त्यांनी ती डीलरलाच पाठवली, डीलरने "गाडी जशी आहे तशी विकली" लिहिलं आणि तक्रार "निकाली".

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, १० ते २० लाखांच्या व्यवहाराला शुल्क ४०० रुपये, मुदत दोन वर्षं. पण आयोग बिल बघणार, आणि बिलात ते १,९९,००० नाहीतच. रोख देऊ नका. डिलिव्हरी नोटवर "तपासून समाधान झाले" छापलेलं असतं, ते खोडून सही करा.

दोन तारखा डीलर आलाच नाही. तिसऱ्या तारखेला त्याच्या वकिलाने लेखी उत्तर दिलं, सोबत एकच पुरावा: माझ्याच स्कॅनरचा रिपोर्ट, त्या दिवशी मीच त्याला व्हॉट्सऍपवर पाठवलेला. "एकही फॉल्ट नाही" या ओळीवर पिवळा मार्कर. चार किलोमीटरची ओळ त्याच पानावर, खाली, मार्करविना.