व्हीआरमध्ये चालायचंय: ट्रेडमिल, पायाचे सेन्सर की मोकळा हॉल?

ट्रेडमिल म्हटलं की जिममधला फिरता पट्टा डोळ्यांसमोर येतो. व्हीआरसाठी, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट लावून आभासी जगात वावरण्यासाठी, घरी घेण्याजोग्या ज्या ट्रेडमिल आहेत, म्हणजे व्हर्च्युइक्सची ओम्नी वन किंवा चिनी कंपनी कॅट व्हीआरची सी२, त्यांत पट्टा नसतोच. उथळ परातीसारखा गुळगुळीत तळ, पायात घसरणारे खास बूट आणि कंबर धरून ठेवणारा मागचा दांडा, एवढाच मामला. पाऊल पुढे टाकायचं, ते उतारावरून घसरत मध्यभागी येतं, बुटांवरचे सेन्सर ते मोजतात आणि गेममधला माणूस चालतो. तुम्ही मात्र जागेवरच. करकरती कोल्हापुरी घालून यावर चढता येत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

हे चालणं आपल्या रोजच्या चालण्यासारखं नाही. शरीर थोडं पुढे, कमरेला बांधलेल्या पट्ट्यावर रेलून ठेवावं लागतं आणि सुरुवातीला पोटऱ्या भरून येतात. मागे किंवा बाजूला सरकणं तर वेगळं शिकावं लागतं. फायदा मात्र खरा आहे. कंबर कुठे वळली ते यंत्राला कळतं, त्यामुळे सरळ चालता चालता मान वळवून बाजूला बघता येतं. जॉयस्टिकने चालताना डोळे म्हणतात 'हललो' आणि तोल सांभाळणारा आतला कान म्हणतो 'उभा आहे', त्यातून मळमळ सुरू होते. इथे निदान पाय तरी डोळ्यांच्या बाजूने असतात. कानाला पुढे गेल्याचा धक्का इथेही मिळत नाही, म्हणून ज्यांना एसटीत घाट लागतो त्यांनी आधी कुठेतरी चढून बघावं, मगच पैसे मोजावेत.

पैशांचं म्हणाल तर ओम्नी वन २०२४ मध्ये बाजारात आली तेव्हा हेडसेटसह अमेरिकेतली किंमत ३,४९५ डॉलर होती, म्हणजे तीन लाखांच्या घरात. त्यावर वाहतूक, आयात शुल्क आणि जीएसटी. सी२ त्याहून स्वस्त आहे, पण तिचा खरा उपयोग दणकट गेमिंग पीसी असेल तरच. आणि कोल्हापुरातून मागवणाऱ्याने एक जुनी गोष्ट लक्षात ठेवावी. व्हर्च्युइक्सने २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या वेबसाइटवर ११ लाख डॉलरहून जास्त जमवले; २०१६ मध्ये मात्र अमेरिकेबाहेर माल पाठवणं जमत नाही म्हणून परदेशी ग्राहकांना पैसे परत केले. एवढं अवजड धूड बिघडलं तर परत कुठे पाठवणार?

पट्टे असलेली खरी ट्रेडमिलही आहे, इन्फिनाडेक. एका मोठ्या फिरत्या पट्ट्यावर आडवे छोटे पट्टे, त्यामुळे चारही दिशांना चालता येतं. पण ती प्रयोगशाळांची आणि कंपन्यांची वस्तू. डिस्नेने जानेवारी २०२४ मध्ये दाखवलेली, चालणाऱ्याला जागेवरच ठेवणारी होलोटाइल फरशीही बघायला भारी, विकत घ्यायला नाही.

आपल्या कोल्हापुरात, ताराबाई पार्कातल्या फ्लॅटसाठी माझं मत सरळ आहे: आधी कॅट व्हीआरचेच पायाचे सेन्सर, कॅट लोको एस, बघा. दोन्ही पायांना एकेक आणि कमरेला एक सेन्सर बांधायचा, जागेवर पावलं टाकायची. काम झालं की सगळं ड्रॉवरमध्ये. जागेवर चालताना माणूस नकळत पुढे सरकतो आणि टीव्हीवर जाऊन आदळतो. त्यासाठी अनवाणी उभं राहून पायाखाली छोटं पायपुसणं टाकावं, कड लागली की कळतं. खालच्या मजल्यावरच्या काकूंची झोपेची वेळ तेवढी सांभाळा.

राजारामपुरीत गेम झोन टाकणाऱ्याचं गणित वेगळं. ट्रेडमिलवर एका वेळी एकच गिऱ्हाईक. त्याला बूट घाला, पट्टा आवळा, तोल शिकवा. तोवर मागचे चौघे मोबाईल काढून बसतात. आपल्याकडे पोरं टोळक्याने येतात. त्यांना मोकळ्या हॉलमध्ये हेडसेट लावून आपल्याच पायांनी फिरू दिलं तर मळमळ जवळजवळ नाही आणि शिकवायलाही काही नाही.

अडचण जागेची. हळूच वाट वळवून माणसाला सरळ चालल्याचा भास देण्याचं तंत्र आहे, पण २०१० च्या एका प्रसिद्ध प्रयोगानुसार वळण लक्षात येऊ नये म्हणून माणूस प्रत्यक्षात ज्या वर्तुळात चालतो त्याची त्रिज्या साधारण २२ मीटर लागते. म्हणजे शाहू स्टेडियमच भाड्याने घ्या! छोट्या हॉलसाठी मग खोल्याखोल्यांचे, वळणावळणांचे गेम निवडावे लागतात. गच्चीचा विचार मनात आला असेल तर सोडा. दिवसा ऊन लेन्समधून आत गेलं की पडद्यावर कायमचा डाग पडतो आणि रात्री अंधारात हेडसेटच्या कॅमेऱ्यांना काही दिसत नाही.

तरीही दुकानात ट्रेडमिल हवीच असेल तर एकच घ्या, रस्त्यावरून दिसेल अशी काचेजवळ ठेवा आणि बुटांचे निदान तीन-चार मापांचे जोड मागवा.