एम.एस्सी. मुंबईत की कोल्हापुरात: दोन्हीकडं बसून पाहिलेल्याचं मत

जून उजाडला की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या घरी कोणी ना कोणी दोन कागद घेऊन येतं. एक मुंबई-पुण्याच्या खासगी विद्यापीठाचं प्रवेशपत्र, गुळगुळीत कागदावरचं. दुसरं शिवाजी विद्यापीठाच्या प्रवेश यादीचं प्रिंट, झेरॉक्सच्या दुकानातून काढलेलं. मुलगा गप्प असतो, वडील विचारतात, "तुम्ही दोन्हीकडं शिकलाय. काय करायचं, सांगा की."

दोन्हीकडं शिकलोय हे खरं, पण सारखं नाही. 2014 साली मुंबईच्या उपनगरातल्या एका खासगी विद्यापीठात अॅनालिटिक्सच्या, म्हणजे आकडेवारीच्या विश्लेषणाच्या, दोन वर्षांच्या कोर्सला गेलो आणि एक सहामाही करून परत आलो. पुढच्या वर्षी प्रवेश परीक्षा देऊन शिवाजी विद्यापीठाच्या संख्याशास्त्र अधिविभागात दाखल झालो आणि 2017 ला एम.एस्सी. झालो. म्हणजे एकीकडं पाच महिने, दुसरीकडं दोन वर्षं. नमुना एकच, तोही पक्षपाती. आमच्या सरांनी असला अभ्यास दारातूनच परत पाठवला असता. तरी लिहितो, कारण विचारणाऱ्यांना आकडेवारी नको असते, बघून आलेला माणूस हवा असतो.

फी, नॅक (विद्यापीठांना दर्जाची श्रेणी देणारी संस्था), अभ्यासक्रम या गोष्टींत शिरत नाही, ते सगळं माहितीपत्रकात आहे. एवढंच सांगतो की 'नॅक'चं ए++ शिवाजी विद्यापीठालाही 2021 साली मिळालंय. तेव्हा 'तिकडं दर्जा, इकडं स्वस्ताई' अशी मांडणी कोणी केली तर दोन्ही बाजूंची कागदं मागा.

आधी मुंबईची बाजू, कारण ती खरोखर भक्कम आहे. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ शिकवायला यायचे. टाय सैल करून, लोकलमधून थेट वर्गात. त्यांनी पहिल्याच तासाला एक फाईल उघडली. तीत जन्मतारखेच्या रकान्यात कोणी 'माहीत नाही' लिहिलेलं, कोणी 31 फेब्रुवारी. "हे साफ करा, मग मॉडेलचं बोलू." पुस्तकात अशी फाईल कधी दिसली नव्हती. वर्गातली पोरंही तयार होती. शिक्षकाला अडवून "सर, हे पटलं नाही" असं तोंडावर म्हणायची. आम्ही इकडं शंका आली तर ती घरी घेऊन जायचो. हात वर करायची सवय मला तिथं लागली, आणि त्या पाच महिन्यांचे पैसे तेवढ्यापुरते तरी वसूल झाले असं मी धरतो. इंटर्नशिपला जायचं तर लोकलने पाऊण तास. कोल्हापुरातून तेवढ्या वेळात कागलच्या पुढं जाता येतं, पण तिथं बँकेचं मुख्यालय नाही.

आता ज्यानं माझं मन फिरवलं ते सांगतो. ऐकायला फार क्षुल्लक आहे. तिथं बसायला जागा नव्हती.

विद्यापीठ म्हणजे काचेची एक उंच इमारत. खाली लॉबी, तिच्यात दोन सोफे. त्यावर विद्यार्थी टेकला की दोन मिनिटांत सुरक्षारक्षक हजर. "इधर बैठने का नहीं." तो बिचारा सांगितलेलं काम करत होता. तास संपला की वर्ग रिकामा करायचा, दारात पुढची तुकडी उभी असायची. शिकवणाऱ्यांना थांबायची इच्छा असली तरी थांबणार कुठं? शंका लिफ्टमध्ये विचारायची, तीही सहा मजले उतरेपर्यंत. ग्रंथालय चांगलं होतं, पण तिथं बोलायचं नाही, आणि आमची निम्मी कामं गटानं करायची. चर्चेच्या खोल्या होत्या चार. त्यांचं बुकिंग रात्री बारा वाजता उघडायचं आणि बारा वाजून दोन मिनिटांनी संपायचं. कॅन्टीनमध्ये दुपारी खाणं झालं की टेबल पुसायला पोरगा यायचा. तोंडानं काही म्हणायचा नाही, नुसता फडका फिरवत राहायचा.

मग गटाची बैठक कुठं? समोरच्या कॉफीच्या दुकानात. बाकी तिघांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं आणि त्यांचा दोषही नव्हता. पहिल्या दिवशी मी यादीतलं सगळ्यात स्वस्त नाव बघून तेच मागवलं, तर संध्येच्या पळीत मावेल एवढी काळी कॉफी आली. एका घोटात संपली. पुढचे दोन तास रिकामा कप समोर धरून बसलो, कारण कप उचलला की 'आणखी काय आणू' सुरू होतं. नंतर दुधाची मोठी कॉफी मागवायला शिकलो. 120 रुपये. वडिलांच्या सवयीप्रमाणं मीही खर्च वहीत लिहायचो. सप्टेंबरच्या पानावर कॉफीच्या 23 नोंदी आहेत, 2,760 रुपये. खोलीभाडं, मेस, रेल्वेचा पास हे सगळं घरून निघताना धरलं होतं. बसण्याचं भाडं धरलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, खोलीवर बसायचं. पीजीत (पेइंग गेस्ट म्हणून) एका खोलीत आम्ही तिघं आणि टेबल एक. त्या टेबलावर इस्त्री.

ऑक्टोबरात एकदा गटाची बैठक आयत्या वेळी रद्द झाली. असाइनमेंट रात्री बाराच्या आत द्यायची होती, खिशात नव्वद रुपये होते. मी स्टेशनवर गेलो. पास होताच. फलाटाच्या टोकाला, जिथं गर्दी विरळ होते, तिथल्या बाकड्यावर लॅपटॉप उघडला आणि दर चार मिनिटांनी जाणाऱ्या गाड्यांच्या आवाजात रिग्रेशन पूर्ण केलं. बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला एक कोळीण मावशी रिकामी टोपली घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "घर नाय का तुला?" मी हसलो. पण घरचे दीड लाखाच्या वर पैसे त्या इमारतीत भरून आपण रेल्वेच्या बाकड्यावर शिकतोय, हे त्या रात्री नीट डोक्यात शिरलं.

सहामाही परीक्षा दिली आणि डिसेंबरात महालक्ष्मी एक्स्प्रेसनं परत आलो. फी परत मिळाली नाही. मिळणारही नव्हती, मुदत कधीच गेली होती. (हे लक्षात ठेवा: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांत प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी रद्द केलं तर थोडं प्रक्रिया शुल्क वजा जाता पूर्ण परतावा होता, आणि ती तारीख उलटून तीस दिवस झाले की शून्य. तुमच्या वर्षीचं परिपत्रक काढून वाचा आणि मनात चलबिचल असेल तर ती त्या तारखांच्या आत करा.) वडील काही बोलले नाहीत. पतसंस्थेचे हप्ते मात्र पुढं दीड वर्षं चालले.

शिवाजी विद्यापीठाची गोष्ट उलटी आहे. तिथं जागाच जागा. आठशे एकरांवरचा माळ. 1962 साली विद्यापीठ झालं तेव्हा गावाबाहेर वाटलेला तो माळ आज गावानं वेढलाय, पण आत गेलं की अजून मोर ओरडतात. ऐन तोंडी परीक्षेत मोर ओरडला की परीक्षकही हसतात. तास सकाळी, मग ग्रंथालय, मग कुठंही. झाडाखाली, पायरीवर, मुख्य इमारतीसमोर महाराजांच्या पुतळ्याच्या आसपास. एकदा मार्कोव्ह साखळीतलं, म्हणजे संभाव्यतेतलं, एक गणित अडलं. पीएच.डी. करणारा एक सीनियर पायरीवर डबा खात होता. त्यानं भाकरी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हातानं माझ्या वहीच्या मागच्या पानावर बाण काढायला सुरुवात केली. दीड तास. मधे सर तिथून जात होते, थांबले, म्हणाले "तिसरा बाण चुकलाय" आणि गेले. तो बाण खरंच चुकला होता. या दीड तासाची किंमत मला काढता येत नाही. एवढं माहीत आहे की मधे कोणी उठवलं नाही आणि कोणी काही मागवायला लावलं नाही.

शिकायला आलेल्या पोराला जागा देणं हे कोल्हापुरात जुनंच आहे, असं मला उगाच वाटत राहतं. शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. शाळा तर आधीपासून होत्या. खेड्यातनं आलेलं पोर उतरणार कुठं, हा प्रश्न होता. विद्यापीठात 'कमवा व शिका' आहे, आसपास कॉट बेसिसच्या पाट्या आहेत, मेस आहेत, केएमटीची शहर बस आहे. गावाकडनं एसटीनं डबा येतो तो वेगळाच.

कोल्हापूरची लंगडी बाजूही सांगायला हवी. मोठ्या कंपन्यांची कार्यालयं इथं नाहीत. मुलाखतीसाठी मी पुण्याला अकरा वेळा गेलो, पहाटेची एसटी पकडून, एकदा तर कराडला टायर बसल्यामुळं मुलाखत हुकलीच. मुंबईतल्या माझ्या जुन्या वर्गमित्रांना माझ्याआधी वर्षभर नोकऱ्या लागल्या (मी वर्ष गमावलं होतं हे धरूनही) आणि पहिला पगार त्यांचा जास्त होता. इंग्रजीत बोलायची सवय आपली आपण लावावी लागते. इथं सगळं मराठीत भागतं, हे सुखाचं आहे आणि घातकही.

पगारावरून आठवलं. खासगी विद्यापीठाच्या माहितीपत्रकात 'सरासरी पॅकेज' ठळक छापलेलं असतं. दहा जणांत नऊ जणांना चार लाख आणि एकाला चोवीस लाख मिळाले तरी सरासरी सहा लाख येते, आणि सहा लाख तर कोणालाच मिळालेले नसतात. म्हणून दहावीत शिकलेला मध्यक, म्हणजे पगार चढत्या क्रमानं लावले की मधोमध येणारा आकडा, विचारा. शिवाय तुकडीतल्या किती जणांचा हिशेब धरलाय तेही विचारा. उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते मोजा.

कर्ज काढणार असाल तर एवढं गणित करून ठेवा: 10 लाख, 10 टक्के, 10 वर्षं, हप्ता महिना साधारण 13,215 रुपये. शिकत असतानाचं व्याज त्यात नाही. व्याजावरची प्राप्तिकरातली सवलत नव्या करप्रणालीत मिळत नाही, हे एजंट सांगत नाहीत. आणखी एक. 'राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती' खासगी आणि अभिमत विद्यापीठांना लागू नाही. आमच्याकडं येणाऱ्या दर दुसऱ्या पालकाला हे फी भरल्यावर कळलेलं असतं.

मग मुंबईला कोणी जावं? ज्याचं क्षेत्रच त्या शहरात आहे, म्हणजे शेअर बाजार, विमा, जाहिरात, चित्रपट. ज्यानं दोन-चार वर्षं नोकरी केलीय आणि ज्याला नेमकं काय हवं ते माहीत आहे. ज्याच्या घरी कर्जाशिवाय फी भरली जाते. विशीतलं पोर, विषय पक्का व्हायचाय, घरात फाउंड्रीचा एक पगार, असं असेल तर माझा कल कुठं आहे तो एव्हाना कळला असेल. चुकतही असेन. माझ्यावेळची ती इमारत आता बदलली असेल, वर एखादा मजला चढला असेल, तिथं बाकडी टाकली असतील.

म्हणून आता मी मत देत नाही, एक काम सांगतो. माहितीपत्रक घरी ठेवा. दुपारी चार वाजता, तास संपल्यावर, दप्तर घेऊन तिथं जा. काही विकत न घेता, फोनवर न बोलता, वही उघडून तासभर बसून दाखवा. दोन्हीकडं.

गेल्या जूनमध्ये आमच्या गल्लीतल्या एका मुलीनं हे केलं. मुंबईत पस्तिसाव्या मिनिटाला उठवलं म्हणाली. इकडं विद्यापीठात दोन तास बसली, शेवटी पाऊस आला म्हणून उठली. प्रवेश मात्र तिनं मुंबईतच घेतला. मामा अंधेरीला राहतो, हॉल मोठा आहे.