बुल टेरियर म्हणून ३५ हजार घेतले, पिल्लू घेणाऱ्यांनी प्लीज वाचा

आम्ही भांडुपला राहतो. मुलाला कधीपासून ते अंड्यासारख्या डोक्याचं, बारीक तिकोनी डोळ्यांचं कुत्रं पाहिजे होतं, म्हणजे बुल टेरियर. ऑनलाइन जाहिरात बघून फोन केला तर माणूस इतकं गोड बोलला, जातीचे पेपर येतील, आईबाप दोन्ही चॅम्पियन, ३५ हजार. आई बघायचीय म्हटलं तर ती पनवेलच्या फार्मवर आहे, एवढ्या लांब कशाला येता साहेब, मीच आणतो. आणि कुर्ला स्टेशनबाहेर संध्याकाळच्या गर्दीत बाईकवरून खोक्यात घालून पिल्लू आणलं, पैसे पाठवताना नोटमध्ये गिफ्ट लिहा म्हणाला, मी लिहिलं.

डॉक्टरांनी दात बघून सांगितलं की पिल्लू जेमतेम पाच आठवड्यांचं आहे. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमाप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही आणि विकण्याआधी मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळख नंबरची छोटी चिप) लागते, हे मला तेव्हा कळलं. चिप नव्हतीच. कपाळ आणि नाकाच्या मध्ये खाच होती, बुल टेरियरला ती नसते, पण विकणारा म्हणाला डोकं सहा महिन्यांनी भरतं, आणि मी थांबलो.

सहा महिन्यांनी फोन केला तर म्हणे अहो हा स्टॅफर्डशायर, तो पण बुल टेरियरच ना, नावातच आहे. पुढच्या फोनला तो अमेरिकन झाला, मग मला ब्लॉक केलं. खरं तर या वेगवेगळ्या जाती आहेत. अंडाकृती डोक्याचा बुल टेरियर १८६० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या जेम्स हिंक्सने तयार केला, स्टॅफर्डशायर बुल टेरियरला कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या ब्रिटनच्या केनेल क्लबने १९३५ मध्ये मान्यता दिली, अमेरिकन स्टॅफर्डशायर टेरियर आणखी वेगळा. आमचा यातला कुठलाच नाही, डॉक्टर म्हणतात मिक्स आहे.

आणि नावाने नुसते पैसेच जात नाहीत. मार्च २०२४ ला केंद्राने ज्या २३ जातींवर बंदीचं पत्रक काढलं त्यात पिटबुल आणि अमेरिकन स्टॅफर्डशायर दोन्ही होते, पुढे कर्नाटक हायकोर्टाने ते रद्द केलं, तरी आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी अजून विचारतात नक्की कुठली जात, आणि माझ्याकडे दाखवायला एक कागद नाही.

त्यामुळे जातीचं पूर्ण नाव आणि चिप नंबर पावतीवर लिहून घ्या, चिप समोर स्कॅन करा, आई बघा, ती दाखवत नसेल तर पिल्लू कितीही गोड असो परत फिरा.

पोरगा त्याला सोडणार नाही, आम्हीपण नाही. पोलीस स्टेशनला जाऊन आलो. त्यांनी पावती मागितली, मी पेमेंटचा स्क्रीनशॉट दाखवला, त्यावर माझ्याच हातचं लिहिलेलं होतं, गिफ्ट.