पश्चिम आफ्रिकी वैद्यकीय सेवा : एक परीक्षण

कोणत्याही वैद्यकीय सेवेची पारख करताना ती आपली माणसे कुठून आणि कशी निवडते, हे आधी पाहावे लागते. ब्रिटनने १९०२ मध्ये गांबिया, सिएरा लिओन, गोल्ड कोस्ट (आजचा घाना) आणि नायजेरियातील वसाहतींची वैद्यकीय खाती एकत्र करून जी सेवा उभी केली, ती या पहिल्याच कसोटीला उतरत नाही, कारण उमेदवार युरोपीय आईवडिलांचाच असला पाहिजे अशी अट तिच्या भरतीच्या नियमांतच होती.

स्थानिक डॉक्टर मिळत नव्हते, ही सबब येथे चालणार नाही. सिएरा लिओनचे जेम्स आफ्रिकानस हॉर्टन १८५९ मध्ये एडिनबराची वैद्यकीय पदवी घेऊन ब्रिटिश सैन्यात रुजू झाले आणि पश्चिम आफ्रिकेतच वैद्यकीय शाळा काढावी, असे त्यांनी १८६१ मध्ये सुचवले. ते मानले गेले नाही. फ्रीटाउनचे जॉन फॅरेल ईझमन १८९३ ते १८९७ या काळात गोल्ड कोस्टचे मुख्य वैद्यकीय अधिकारीच होते. ज्या 'ब्लॅकवॉटर' तापाने (मलेरियातील गुंतागुंत, जिच्यात लघवी काळसर होते) युरोपीय माणसे पटापट दगावत, त्यावर १८८४ मध्ये पुस्तिका लिहिणारे हेच ईझमन. नव्या नियमानुसार मात्र ते या सेवेत शिरूही शकले नसते!

आधीपासून नोकरीत असलेल्या आफ्रिकी डॉक्टरांची वेगळी यादी करण्यात आली. तिच्यात पगार कमी होता, आणि हुद्द्याने ते कालच बोटीतून उतरलेल्या तरुण युरोपीय डॉक्टरच्याही खाली गेले. नव्या अधिकाऱ्यांना लंडन किंवा लिव्हरपूलला उष्णकटिबंधीय रोगांचे शिक्षण दिले जाई, ही या सेवेची खरी जमेची बाजू. पण ते शिक्षणही त्याच दाराआड राहिले.

नायजेरियात याबा येथे १९३० मध्ये वैद्यकीय शाळा निघाली खरी. पण तिथून डॉक्टर नव्हे, वैद्यकीय सहायक बाहेर पडत, आणि त्यांची पदविका नायजेरियाबाहेर कोणी ओळखत नसे. रुग्ण तोच, रोग तोच, शिकवणारेही बहुधा खात्यातलेच, तरी नाव तेवढे कमी प्रतीचे! याबाच्या या दुय्यम शिक्षणाविरुद्धच्या असंतोषातून १९३४ मध्ये लागोस युथ मूव्हमेंट ही राजकीय संघटना उभी राहिली, आणि तिचे पहिले अध्यक्ष जेम्स चर्चिल व्हॉन हे स्वतः ग्लासगोत शिकलेले डॉक्टर होते.

लंडन विद्यापीठाच्या पदवीची सोय असलेले इबादानचे युनिव्हर्सिटी कॉलेज १९४८ मध्ये निघाले आणि याबाचे वैद्यकीय वर्ग तिकडे गेले. हॉर्टनच्या सूचनेला तेव्हा ८७ वर्षे झाली होती.