लिबरेटर घ्यायचं की व्हेंजन्स? आधी रंग ठरवा

दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बरचं प्लॅस्टिकचं मॉडेल १/७२ मापात, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढं, करायचं आणि त्या विमानाचं आपल्या हवाई दलाशी काही नातं असावं, एवढी अट घातली की माझ्या मते निवड दोनांतच उरते. एक कन्सॉलिडेटेड लिबरेटर, चार इंजिनांचं धूड. दुसरं व्हल्टी व्हेंजन्स, एका इंजिनाचं, दोन माणसांचं, जवळजवळ उभा सूर मारून बॉम्ब टाकणारं. लँकेस्टर देखणं आहे, एअरफिक्स कंपनीने २०१३ मध्ये काढलेलं त्याचं नवं किट (जुळवायच्या सुट्या भागांचा संच) फारसा त्रासही देत नाही, पण आपल्या हवाई दलाने ते वापरलं नाही. तेव्हा ते बाजूला.

बेळगावात हा विषय काढला की कुणीतरी सांबऱ्याचं नाव घेतोच. तिथला विमानतळ १९४२ मध्ये रॉयल एअर फोर्सने बांधला, हे खरं. पण व्हेंजन्स वापरणाऱ्या आपल्या सात आणि आठ नंबरच्या स्क्वॉड्रन १९४२ च्या डिसेंबरात विशाखापट्टणम आणि तिरुचिरापल्लीला उभ्या राहिल्या आणि लढल्या ब्रह्मदेशच्या आघाडीवर. लिबरेटरची गोष्ट युद्धानंतरची. ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेली, जाता जाता मुद्दाम निकामी केलेली विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या लोकांनी पुन्हा उडती केली. नोव्हेंबर १९४८ मध्ये पाच नंबरची स्क्वॉड्रन त्यांच्यावर उभी राहिली. पुढे सहा नंबरची स्क्वॉड्रन पुण्याहून याच विमानांतून समुद्रावर पहारा देत होती, ती थेट १९६८ पर्यंत.

जागेचा हिशेब सोपा. लिबरेटरचा पंख ११० फुटांचा, म्हणजे मॉडेल साडेसेहेचाळीस सेंटिमीटर रुंद. व्हेंजन्स ४८ फूट, म्हणजे वीस सेंटिमीटरच्या थोडं वर. शहापूर-वडगावच्या गल्लीतल्या घरात शोकेसचा एक अख्खा कप्पा लिबरेटरला द्यावा लागेल, आणि घरचे तो देतील का हे तुमचं तुम्हाला माहीत.

आता मुद्द्याचं. मॉडेल करणारे किटच्या चुकांवर तासन् तास बोलतात: इंजिनाचं तोंड गोल आलंय, पंख जाड आहे, रिव्हेट गव्हाएवढे आहेत. दुरुस्ती करता येते. पण दुरुस्तीची खूण मागे राहते आणि ती झाकली जाईल की नाही हे रंगावर ठरतं. माझ्या लेखी या दोन विमानांत सगळ्यात मोठा फरक हाच.

आपले लिबरेटर बहुतेक उघड्या धातूच्या रंगात दिसतात. चंदेरी रंग काही पोटात घालत नाही. सांध्यावर पुट्टी भरून घासलेली जागा, चारशे नंबरच्या वॉटर पेपरचा ओरखडा, किंचित खोलगट राहिलेली शिवण, सगळं पहिल्याच हातात चमकून वर येतं. एअरफिक्सचं जुनं किट १९६३ सालचं आहे. त्यावरचे उठावदार रिव्हेट काढायचे म्हणजे सगळा पृष्ठभाग घासून पत्र्याच्या जोडांच्या रेघा नव्याने कोरायच्या, शेवटी दोन हजार नंबरपर्यंत जाऊन काळ्या चकचकीत रंगावर चंदेरी मारायचा. करणारे करतात. पहिल्यांदा करणाऱ्याने या फंदात पडू नये, हासेगावा कंपनीचं नवं किट घ्यावं. पैसे जास्त जातील, पण घासण्याचे महिने वाचतील.

व्हेंजन्सवर वरून हिरवा आणि मातकट तपकिरी छद्मरंग. पुट्टी, सुपरग्लूत टाल्कम पावडर कालवून भरलेली फट, दोनदा कोरलेली रेघ, सगळं त्याखाली जातं. म्हणजे दुरुस्ती शिकायचीच असेल तर ती इथे शिकावी. आणि शिकायला भरपूर मिळतं, कारण स्पेशल हॉबी कंपनीचं किट मर्यादित उत्पादनाच्या जातीचं आहे. भाग जुळवायला खुंट्या नाहीत, पंखांच्या मागच्या कडा जाड, काही तुकडे रेझिनचे (ओतीव राळेचे). रेझिन घासताना पाणी लावा आणि तोंडाला मास्क बांधा, ती धूळ छातीला वाईट.

व्हेंजन्सची एक गंमत समजून घेतल्याशिवाय त्याला हात लावू नये. सूर मारताना विमान सरळ रेषेत खाली जावं म्हणून त्याचा पंख धडाला शून्य अंशात बसवला होता. त्यामुळे साध्या उड्डाणात ते नाक वर करूनच चालायचं. कोरड्या जुळणीतच, म्हणजे गोंद न लावता भाग जोडून पाहतानाच, धडाच्या मध्यरेषेला आणि पंखाला पोलादी पट्टी लावून बघा. आमच्या एका मित्राने दुसऱ्याचं तयार मॉडेल हातात घेऊन लगेच विचारलं होतं, "पंख असा काय रे उचललास की?" चौथ्या मार्कमध्ये, म्हणजे आवृत्तीत, हा कोन चार अंशांचा झाला आणि पंखातल्या बंदुकाही बदलल्या. ब्रह्मदेशात लढलेल्या आपल्या स्क्वॉड्रनकडे आधीचे मार्क होते. ओळखचिन्हांत लाल ठिपका नको. जपानी सूर्याशी घोटाळा होऊ नये म्हणून या आघाडीवर तो काढला गेला आणि गडद निळ्यात फिकट निळा असं लहान चिन्ह आलं. लाल ठिपक्याचं डेकल (पाण्याने चिकटवायचं चित्र) लावलेलं व्हेंजन्स दाखवून कुणी ब्रह्मदेशची मोहीम सांगू लागला की मला हसू येतं.

लिबरेटरची खोड वेगळी. पुढे चाक असल्यामुळे मॉडेल शेपटीवर बसतं, आणि नाकाला काच असल्याने वजन लपवायला जागा थोडी. टायरवाल्याकडे व्हील बॅलन्सिंगचे काढून टाकलेले शिशाचे तुकडे मिळतात. ते चालकाच्या केबिनच्या फरशीखाली आणि चारही इंजिनांच्या पोटात भरा, कारण इंजिनं मुख्य चाकांच्या पुढे येतात. धड चिकटवण्याआधी सगळं टेपने बांधून तोल बघा, नंतर उपाय नाही. इंजिनाचं तोंड आडवं लंबगोल असायला हवं, तेवढं मात्र दुरुस्त कराच, कारण समोरून पहिलं तेच दिसतं. बाकी बाबतीत हात आखडता घ्या. मुळात ही विमानं एकमेकांचे भाग लावून उभी केलेली. त्यामुळे पुस्तकातल्या आराखड्यापेक्षा एका विशिष्ट नंबरच्या विमानाचा फोटो समोर ठेवावा. दिल्लीत पालमच्या संग्रहालयात एक उभं आहे, तिकडे जाणं झालं तर चाकांच्या खाचांचे फोटो काढून आणा.

काचा दोन्हीकडे छळतात. व्हेंजन्सची लांबच लांब चौकटींची काच मास्किंग टेपने झाकायला दोन संध्याकाळी जातात. लिबरेटरला बंदुकांचे काचेचे बुरुज जास्त, पण एकेक लहान.

ऋतूचंही बघा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की लॅकर फवारला तर पांढरट झाक धरतो, आणि चंदेरी रंगाला ती अजिबात खपत नाही. पावसाळ्यात कापणं, चिकटवणं, घासणं उरका आणि रंग दसऱ्यानंतर काढा. कॉम्प्रेसर नसेल तर ओळखीच्या मूर्तिकाराला विचारा. गणपती झाले की त्याचं यंत्र मोकळं असतं, आणि फवाऱ्याचा दाब किती ठेवायचा हे तो कुठल्याही व्हिडिओपेक्षा चांगलं दाखवतो. रंग परदेशातून मागवू नका. ज्वालाग्राही म्हणून विमानाच्या टपालात अडतात, देशातल्याच दुकानातून रस्त्याने येऊ द्या.

माझा कौल असा: आधी एखादं साधं किट झालं असेल आणि हात सुधारायचा असेल तर व्हेंजन्स. घासण्याचा कंटाळा असेल, पण खोलीत शिरताच नजर जावी असं काही हवं असेल तर नवं लिबरेटर, जवळपास जसं खोक्यातून येईल तसं. जुनं एअरफिक्स कुणी स्वस्तात देऊ केलं तरी ते चंदेरी करायला घेऊ नका. रॉयल एअर फोर्सच्या छद्मरंगात करणार असाल तर मात्र जरूर घ्या. आणि व्हेंजन्स मागवताना खोक्यावरचा मार्क वाचा. चौथा असेल तर भारतीय स्क्वॉड्रनसाठी ते खोकं परत ठेवा.